पगार कापलेली नटी डिरेक्टर कशी झाली

आयडा लुपिनो हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मीही ऐकलं नव्हतं. एका रात्री झोप येईना म्हणून फुकटात सापडलेला एक जुना ब्लॅक अँड व्हाइट थ्रिलर लावला, लांबी फक्त ७१ मिनिटं, वाळवंट, एक गाडी, तीन पुरुष आणि एक पिस्तूल एवढाच मामला, आणि संपल्यावर परत मागे जाऊन टायटल बघितलं की हा केलाय कुणी, तर डिरेक्टर म्हणून बाईचं नाव. साल १९५३. म्हटलं काहीतरी चूक असेल. चूक नव्हती, आणि ही बाई त्याआधी कितीतरी वर्षं हॉलिवूडमध्ये हिरॉइन होती.

आता कुणी विचारेल त्यात काय एवढं, आज कितीतरी नट्या डिरेक्टर होतात. पण त्या काळात आख्ख्या हॉलिवूडमध्ये डिरेक्शन करणारी ही एकटीच बाई होती, आणि तिला कुणी बोलावून 'ये बाई, कर डिरेक्शन' असं काही म्हटलं नव्हतं. कुठे पगार बंद झाला, कुठे एक म्हातारा माणूस आजारी पडला, कुठे कंपनीकडे पैसे नव्हते, अशा फटीफटीतून ती आत शिरली. ही गोष्ट नीट कळायला तेव्हाचं हॉलिवूड चालायचं कसं हे आधी थोडं समजून घ्यावं लागतं. ते जरा गुंतागुंतीचं आहे, पण सांगतो.

आधी बाईंची ओळख. जन्म १९१८ चा, लंडनचा. म्हणजे मूळची अमेरिकन नाहीच, तिकडचं नागरिकत्व घेतलं १९४८ मध्ये, पण करिअर जवळपास सगळं तिकडचंच. घराणं पिढीजात नाटकवाल्यांचं, वडील स्टॅन्ली लुपिनो विनोदी नट, आई कॉनी एमराल्ड पण स्टेजवरची. पहिला रोल कसा मिळाला तर रोलसाठी गेली होती आई, आणि डिरेक्टरची नजर पडली सोबत आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीवर. त्या रात्री घरी जेवताना काय वातावरण असेल देव जाणे. १९३३ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने तिला हॉलिवूडला नेलं तेव्हा वय १५, आणि तिथे तिचे केस सोनेरी करून 'इंग्लंडची जीन हार्लो' (हार्लो म्हणजे तेव्हाची सोनेरी केसांची गाजलेली नटी) म्हणून विकायला काढली. पोर बऱ्यापैकी शिकलेली, लंडनच्या रॉयल अकॅडमीत अभिनय केलेला, आणि इथे काम काय तर गोड हसायचं. १९३४ मध्ये पोलिओ झाला. वाचली. अंथरुणात पडल्या पडल्या तिला वाटलं की उद्या हातपाय गेले तरी डोकं तर चालेल, आपल्याला लिहिता येईल, संगीत करता येईल, असं तिने पुढे सांगितलंय. आणि खरंच केलं, तिची एक संगीतरचना १९३७ मध्ये लॉस एंजलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने वाजवली. हा पोलिओ पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

अभिनयात तिचा ब्रेक आला १९४० मध्ये, 'दे ड्राइव्ह बाय नाइट'. ट्रकवाल्यांचा पिक्चर. त्यात ही नवऱ्याला दारूच्या नशेत गाडीत सोडते, इंजिन चालू, आणि गॅरेजचं आपोआप बंद होणारं दार बंद होतं, धुराने नवरा मरतो. पुढे कोर्टात साक्षीला उभी राहते आणि तिचं डोकंच फिरतं, दारांनी मला करायला लावलं, दारांनी, असं बडबडायला लागते. आज बघताना थोडं नाटकी वाटेल पण नजर हटत नाही. वॉर्नर ब्रदर्सने लगेच कॉन्ट्रॅक्ट केलं. पुढच्याच वर्षी 'हाय सिएरा'मध्ये टायटलला तिचं नाव हम्फ्री बोगार्टसारख्या बड्या नटाच्या आधी होतं. बोगार्टच्या आधी! १९४३ मध्ये 'द हार्ड वे'साठी न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेस अवॉर्ड मिळालं. ऑस्करचं मात्र कधी साधं नॉमिनेशनही नाही.

मग अडचण काय होती? अडचण अशी की वॉर्नरकडे बेट्टी डेव्हिस आधीच होती, तिखट, भांडकुदळ, जबरदस्त बाईचा रोल आला की तो आधी तिच्याकडे जायचा, आणि तिने नको म्हटलेलं आयडाच्या ताटात. आयडा स्वतःच गमतीने म्हणायची की मी गरिबांची बेट्टी डेव्हिस.

आता ती सिस्टीम. तेव्हा नट-नट्या फ्रीलान्स नसायचे, स्टुडिओचे नोकर असायचे. सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, दर आठवड्याला पगार, आणि स्टुडिओ देईल तो रोल करायचा. नाही म्हटलं तर सस्पेन्शन, म्हणजे पगार बंद, आणि बाहेर दुसरीकडे कामही करायचं नाही. वर आणखी एक गंमत, जितके दिवस तुम्ही सस्पेंड, तितके दिवस कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी चिकटवायचे. समजा कुणी सात वर्षांत मिळून एक वर्ष सस्पेंड राहिलं तर सुटका सात वर्षांनी नाही, आठ वर्षांनी, आणि त्या आठव्या वर्षात परत नाही म्हटलं तर अजून पुढे. म्हणजे जवळजवळ वेठबिगारीच, फक्त फर कोट घालून. हे थांबलं ते ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड नावाच्या नटीने वॉर्नरला कोर्टात खेचलं म्हणून, १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने सांगितलं की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, पुढे शेपूट लावायचं नाही. आपल्याकडेही प्रभातच्या काळात मासिक पगार आणि करार हीच पद्धत होती आणि कराराच्या भांडणावरून शांता आपटे १९३९ मध्ये पुण्यात प्रभातच्या गेटसमोर उपोषणाला बसल्या होत्या, तेव्हा मराठी माणसाला हा मामला समजायला जड जाऊ नये.

आयडा नाही म्हणणाऱ्यांपैकी होती. 'किंग्ज रो'मधला रोल नाकारला, सस्पेंड. असं बऱ्याच वेळा झालं. आणि इथे खरी मजा आहे. पगार नाही, दुसरीकडे काम नाही, मग ही बाई करायची काय तर जायची सेटवर, आणि दुसरे लोक काम करताना बघत बसायची. कॅमेरा कुठे ठेवतात, लाइट कसा मारतात, एडिटिंगच्या खोलीत कुठला तुकडा फेकतात. नट सेटवर असतो तेव्हा त्याला फक्त स्वतःचा शॉट दिसतो, बाकी वेळ तो खुर्चीत कंटाळलेला असतो. हिला फुकट बसवलं म्हणून तिला आख्खं मशीन दिसलं. शिक्षा म्हणून दिलेली सुट्टी आणि त्यात फिल्म स्कूल, तेही फुकट. १९४७ मध्ये तिने वॉर्नर सोडलं, नवं कॉन्ट्रॅक्ट घेतलं नाही.

बायका डिरेक्टर नव्हत्या असं म्हटलं की लोकांना वाटतं जुना काळ, नसणारच. पण अजून मागे गेलं तर होत्या! मूकपटांच्या काळात लोइस वेबरसारख्या बायका मोठमोठे पिक्चर करत होत्या, कारण तेव्हा हा धंदा नवा होता, कुणाला धड माहीत नव्हतं पैसा आहे की नाही, जो येईल तो हात लावायचा. मग बँकांचा पैसा आला, स्टुडिओंचे कारखाने झाले, बोलपट आले, आणि बायका एडिटिंग, कपडे, स्क्रिप्ट इथपर्यंतच राहिल्या. तीसच्या दशकात डोरोथी आर्झनर एकटी टिकून होती, तिचा शेवटचा पिक्चर १९४३ चा. त्यानंतर शून्य. डिरेक्टर्स गिल्डमध्ये, म्हणजे डिरेक्टरांच्या संघटनेत, आर्झनरनंतर आत आलेली दुसरी बाई म्हणजे आयडा, आणि तिथल्या मीटिंगची सुरुवात म्हणे 'जंटलमेन अँड मिस लुपिनो' अशी व्हायची.

तर १९४८-४९ ला आयडा आणि तिचा तेव्हाचा नवरा कॉलियर यंग यांनी ठरवलं की आपली छोटी कंपनी काढायची. हा काळही बरोबर निवडला गेला, ठरवून म्हणा की नशिबाने. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोठ्या स्टुडिओंना सांगितलं की पिक्चर पण तुम्हीच बनवणार आणि थिएटरं पण तुमचीच, हे चालणार नाही. तोपर्यंत काय व्हायचं, स्टुडिओ थिएटरवाल्याला सांगायचा की मोठा पिक्चर पाहिजे तर हे बारके चार पण घे. कोर्टाने ते मोडलं आणि बाहेरच्या छोट्या कंपन्यांना थिएटरात शिरायला थोडी वाट मिळाली. पुढे कंपनीचं नाव 'द फिल्ममेकर्स' झालं.

पहिला पिक्चर 'नॉट वाँटेड', लग्न न होता दिवस गेलेल्या मुलीची गोष्ट. आयडा त्यात प्रोड्युसर आणि लेखक, डिरेक्टर एल्मर क्लिफ्टन नावाचा जुना, अनुभवी माणूस. शूटिंगच्या अगदी तोंडावर त्याला हार्ट अटॅक आला. दुसरा डिरेक्टर आणायला पैसे नाहीत, युनिट उभं आहे, भाडं चालू आहे, मग कोण करणार? आयडा उभी राहिली. पिक्चर जवळपास सगळा तिनेच केला पण टायटलला नाव क्लिफ्टनचंच ठेवलं. तो त्याच वर्षी गेला.

पिक्चरची सुरुवात बघा. एक मुलगी रस्त्याने चढ चढत येतेय, चेहऱ्यावर काहीच नाही, एका दुकानासमोर बाबागाडीत कुणाचं तरी बाळ आहे, ती ते उचलते आणि चालायला लागते. बस्स. पुढची गोष्ट मग मागे जाऊन सांगितलीये. आणि शेवटी एक पाठलाग आहे, तिच्यामागे धावतोय तो तिच्यावर प्रेम करणारा मुलगा, ज्याचा एक पाय लाकडी आहे, युद्धात गेलेला. जिने, पूल, परत जिने, तो धापा टाकतोय, पडतोय. कुठल्या तरी मोठ्या स्टुडिओने हा सीन केला असता तर व्हायोलिन रडवली असती. इथे लांबवर चाललेलं ते ओढत पळणं बघूनच आपल्याला थकायला होतं.

असे विषय का घेतले? समाजसेवा होतीच थोडी, पण हिशेबही होता, आणि मला हा हिशेब फार आवडतो. तुमच्याकडे दोन लाख डॉलरसुद्धा नाहीत. मोठा स्टार परवडत नाही. मग तिकीट कशावर विकणार? विषयावर. मोठे स्टुडिओ ज्याला हात लावत नाहीत तो विषय हाच तुमचा स्टार. सॅली फॉरेस्ट, माला पॉवर्स असे नवे चेहरे घ्यायचे, सेट बांधण्याऐवजी खरा बसस्टँड, खरं पेट्रोलपंप, खरी खानावळ वापरायची. आज आपण ज्याला इंडी सिनेमा म्हणून मिरवतो ते हेच. नंतरच्या 'द बिगॅमिस्ट'मध्ये तर कोकाकोला, कॅडिलॅक, युनायटेड एअरलाइन्स अशी नावं मुद्दाम फ्रेममध्ये दिसतात, जाहिरातीची सोय.

आणि वर सेन्सॉर. अमेरिकेत तेव्हा आख्ख्या देशासाठी असं सरकारी सेन्सॉर बोर्ड नव्हतं पण स्टुडिओंनी स्वतःच केलेला 'प्रॉडक्शन कोड' होता, १९३४ पासून कडक, जोसेफ ब्रीन नावाचा माणूस बसलेला. त्याचा शिक्का नाही तर चांगली थिएटरं नाहीत. काय दाखवायचं नाही याची यादी लांबलचक, पाप केलं तर शिक्षा दिसलीच पाहिजे वगैरे वगैरे. आता हे सगळं सांभाळून आयडाने १९५० मध्ये पिक्चर केला बलात्कारावर, 'आउटरेज'. तो शब्द आख्ख्या पिक्चरमध्ये कुणी उच्चारत नाही, कोडमुळे उच्चारताच येत नव्हता. मग केलं काय?

मुलगी रात्री कामावरून सुटून घरी निघालीये. रस्ते रिकामे. मागे कुणीतरी आहे. म्युझिक जवळपास नाहीच, तिची पावलं, त्याची पावलं, शिट्टी. ती ट्रक उभे असतात अशा एका यार्डात लपते, एका ट्रकचा हॉर्न दाबते की कुणीतरी येईल. हॉर्न वाजतोय वाजतोय. आणि कॅमेरा हळूच वर जातो, वरच्या मजल्यावरची एक खिडकी, त्यात एक माणूस येतो, कटकट नको म्हणून खिडकी लावून घेतो. संपला सीन. मी हा शॉट बघून पॉज केलं आणि पाणी प्यायला उठलो. कोडला चालेल असं सगळं, अंगाला हात लावलेला दिसत नाही, आणि तरी कुठल्याही उघड सीनपेक्षा जास्त लागतं, कारण खिडकी लावणारा माणूस ओळखीचा वाटतो. पुढे तर अजून बारीक काम आहे, दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी, ऑफिसातले, सगळे प्रेमळच वागतात पण बघतात कशी, बोलणं कशी थांबवतात. ऑफिसात शेजारचा माणूस शिक्के मारतोय ठक ठक, तो आवाज तिला सहन होत नाही. पिक्चरचा दुसरा अर्धा भाग मला तितका पटत नाही, एक भला पाद्री येतो आणि सगळं समजावून सांगतो, भाषणं होतात. पण पहिली तीस मिनिटं!

मधला एक पिक्चर सांगायचा राहिला. 'नेव्हर फिअर', डिरेक्टर म्हणून तिचं नाव असलेला पहिला. डान्सर मुलगी, तिला पोलिओ होतो. म्हटलं होतं ना परत येईल. सांता मोनिकाच्या खऱ्या उपचार केंद्रात शूट केला, खरे पेशंट घेऊन, आणि त्यात व्हीलचेअरवर बसून केलेला एक नाच आहे, जोड्या जोड्यांनी गोल फिरतात, चाकं एकमेकांत न अडकता. कौतुक झालं, पण चालला नाही. पोलिओची साथ जोरात असताना लोक घाबरलेले, तिकीट काढून तेच कोण बघणार. पैसे बुडाल्यावर मग हॉवर्ड ह्यूज, तोच विमानवाला विक्षिप्त अब्जाधीश, आरकेओ स्टुडिओ तेव्हा त्याचा होता, त्याच्याशी करार केला की पैसा आणि डिस्ट्रिब्युशन तुमचं, पिक्चर आमचे. 'हार्ड, फास्ट अँड ब्युटिफुल' त्यातलाच, टेनिस खेळणाऱ्या मुलीची आणि तिला पिळून काढणाऱ्या आईची गोष्ट. क्रिकेट कोचिंगच्या मैदानाबाहेर गाडीत बसलेले आईबाप ज्यांनी बघितलेत त्यांनी बघावा.

आता तो ७१ मिनिटांचा. 'द हिच-हायकर'. ही खरी घटना. बिली कुक नावाच्या माणसाने १९५०-५१ मध्ये रस्त्यात लिफ्ट मागून सहा माणसं मारली, त्यात एक आख्खं कुटुंब, लहान मुलांसकट. मग शिकारीला निघालेल्या दोघांना पिस्तुलाच्या धाकावर मेक्सिकोत नेलं आणि तिथे पकडला गेला. त्याच्या उजव्या डोळ्याची पापणी नीट मिटायची नाही, बोटांवर 'हार्ड लक' असं गोंदलेलं. आयडा त्याला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन भेटली. भीती वाटली असं तिने नंतर कबूल केलं. डिसेंबर १९५२ मध्ये त्याला मृत्युदंड झाला, आणि पिक्चर आला १९५३ च्या मार्चमध्ये. सेन्सॉर आणि तुरुंग खातं दोघांचीही कुरकूर होती म्हणून पिक्चरमध्ये खुन्याचं नाव बदललं, खून कमी केले.

पण डोळा ठेवला! रात्री वाळवंटात तिघं झोपलेत, खुनी दोघांना सांगतो की माझा हा डोळा झोपेत पण उघडा असतो, मी झोपलोय की जागा तुम्हाला कळणार नाही. मग ते दोघं पडून राहिलेत, शेकोटीचा उजेड, आणि कॅमेरा त्या डोळ्यावर. पळावं का? झोपलाय का? काहीच घडत नाही, फक्त एक डोळा, आणि आपल्या पोटात गोळा. सिनेमॅटोग्राफर निकोलस मुसुराका, अंधाराचा बादशहा माणूस. शूटिंग मेक्सिकोत नाही, कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये, जिथे शेकडो काउबॉय पिक्चर झालेत. जिथे नेहमी घोडे दौडतात ती मोकळी जागा हिने अशी दाखवलीये की इतकं आभाळ असून जीव गुदमरतो. आणि हे शूट १९५२ च्या उन्हाळ्यातलं, म्हणजे एप्रिलमध्ये मुलगी झाल्यावर दोन-तीन महिन्यांत बाई वाळवंटात. (तोपर्यंत यंगशी घटस्फोट होऊन हॉवर्ड डफ या नटाशी लग्न झालं होतं, पण यंग कंपनीत पार्टनर होताच. पुढचं ऐका.)

१९५३ चाच 'द बिगॅमिस्ट'. फिरतीची नोकरी असलेला सेल्समन, सॅन फ्रान्सिस्कोत एक बायको, लॉस एंजलिसमध्ये दुसरी. पहिली बायको जोन फाँटेन, दुसरी स्वतः आयडा, डिरेक्टर पण आयडा. आणि खऱ्या आयुष्यात कॉलियर यंग, आयडाचा आधीचा नवरा, पिक्चरचा प्रोड्युसर, त्याची तेव्हाची बायको कोण? जोन फाँटेन! माजी बायको आताच्या बायकोला डिरेक्ट करतेय, आणि विषय दोन बायका. आपल्याकडच्या सीरियलवाल्यांनी पण लाजावं. पण पिक्चरमध्ये चावटपणा अजिबात नाही, त्यात खलनायकच नाही, तिघंही एकटी माणसं आहेत, आणि शेवटी कोर्टात दोघी एकमेकींकडे बघतात ते बघणं वर्णन करता येत नाही.

इथेच कंपनी बुडाली. कारण सांगतो, कारण ते बहुतेक लोक नीट सांगत नाहीत. पार्टनर लोकांच्या डोक्यात आलं की डिस्ट्रिब्युटरला वाटा कशाला द्यायचा, आपणच वाटू पिक्चर. आयडाचा विरोध होता. डिस्ट्रिब्युशन म्हणजे गावोगावी प्रिंट पाठवायच्या, प्रत्येक थिएटरवाल्याशी घासाघीस, जाहिरातीचा खर्च आधी तुमचा, वसुली सहा महिन्यांनी, आणि पुढच्या वेळी मोठा स्टार असलेला पिक्चर तुमच्याकडे नाही म्हटल्यावर थिएटरवाला पैसे द्यायला टाळाटाळ करणार. हापूस पिकवणाऱ्या बागायतदाराने दलालाचं कमिशन वाचवायला स्वतःच शंभर शहरांत दुकानं टाकावीत तसं. १९५५ पर्यंत 'द फिल्ममेकर्स' संपली.

मग टीव्ही. लोक म्हणतात तिचं करिअर तिथे घसरलं. मला तसं वाटत नाही. टीव्हीला हवा होता कोण तर पटकन, स्वस्तात, वेळेत काम संपवणारा माणूस, अर्ध्या तासाचा एपिसोड तीन दिवसांत हातावेगळा झाला पाहिजे. हे तर ती कधीपासून करतच होती. आणि काय काय केलं बघा, वेस्टर्न, गँगस्टर, भुताटकी, 'अल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स', 'द फ्युजिटिव्ह', 'द अनटचेबल्स', अगदी 'बिविच्ड' आणि 'गिलिगन्स आयलंड' पण. बायकांचे विषय हिला द्या असं कुणी म्हटलंच नाही, उलट हाणामारी आणि सस्पेन्स हिच्याकडे. 'द ट्वायलाइट झोन'च्या मूळ सीरीजमध्ये एपिसोड डिरेक्ट करणारी ती एकमेव बाई, १९६४ चा 'द मास्क्स', मरायला टेकलेला श्रीमंत म्हातारा न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा या मुखवट्यांच्या सणाच्या रात्री लोभी नातेवाइकांना भयानक मुखवटे घालून बसवतो, मध्यरात्रीपर्यंत काढायचे नाहीत, नाहीतर इस्टेट नाही. काढल्यावर काय दिसतं ते सांगत नाही.

सेटवर ती कशी वागायची हा भाग जरा चमत्कारिक आहे. तिच्या खुर्चीच्या पाठीवर 'मदर ऑफ अस ऑल' असं लिहिलेलं असायचं आणि युनिट तिला 'मदर' म्हणायचं. ऑर्डर सोडायची नाही, 'आईला जरा अडचण आलीये, हे असं करता येईल का रे' असं विचारायची. कॅमेरामनसमोर मुद्दाम कमी येतं असं दाखवायची म्हणजे तो आपणहून मदत करतो, आणि प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशी रिकाम्या सेटवर एकटी जाऊन कुठला शॉट कुठून घ्यायचा हे सगळं ठरवून आलेली असायची. ज्या घरात सासूबाईंना विचारल्यासारखं करून आपलंच खरं करणारी सून असते त्यांना हे तंत्र समजावून सांगायला नको. पुढे सत्तरच्या दशकातल्या स्त्रीवादी समीक्षकांना हे रुचलं नाही, तिच्या पिक्चरमधल्या बायका हतबल असतात, पुरुषच वाचवतात, आणि स्वतः ही 'आई' बनून गोड बोलते. टीकेत तथ्य आहे, 'आउटरेज'मधला पाद्री मलाही खटकतोच. पण तिच्या पिक्चरमध्ये पुरुष तरी कुठे मजबूत आहेत, एकाचा पाय गेलेला, एक दोन घरांत फाटलेला, मासेमारीला निघालेले दोघं पिस्तुलासमोर थरथरणारे. सगळेच मोडके. ती गेल्यावर मार्टिन स्कॉर्सेसी या बड्या डिरेक्टरने तिच्यावर लेख लिहिला, तेव्हापासून लोक परत बघायला लागले. 'द हिच-हायकर' १९९८ मध्ये आणि 'आउटरेज' २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या पिक्चरांच्या सरकारी यादीत, गेला.

थिएटरसाठी तिने नंतर एकच पिक्चर केला, १९६६ चा 'द ट्रबल विथ एंजल्स', कॉन्व्हेंटमधल्या खोडकर मुली आणि मदर सुपिरिअर, हलकाफुलका, रंगीत, कोलंबियासारख्या मोठ्या स्टुडिओचा, आणि बऱ्यापैकी चालला. तरी पुढचा मिळाला नाही. ती अभिनय करत राहिली, १९७२ च्या 'ज्युनिअर बॉनर'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनची आई झाली, आणि ३ ऑगस्ट १९९५ ला लॉस एंजलिसमध्ये वारली, ७७ व्या वर्षी.

बघायचं असेल तर 'द हिच-हायकर' आणि 'द बिगॅमिस्ट' दोन्ही कॉपीराइटमधून सुटलेत, नेटवर फुकट मिळतात, फक्त चांगली प्रिंट शोधा, पहिल्या वेळी मला मिळालेली इतकी खराब होती की निम्मं वाळवंट राखेसारखं दिसत होतं. आणि 'द हिच-हायकर'मध्ये मेक्सिकन लोक स्पॅनिश बोलतात त्याला सबटायटल नाही, प्रिंटचा दोष समजू नका, ते तसंच आहे. खुन्याला स्पॅनिश येत नाही आणि ओलिसांपैकी एकाला येतं. दुकानातला सीन नीट बघा, एक छोटी मुलगी त्यांच्याजवळ येते, खुनी वैतागतो, आणि तो ओलीस तिला जवळ घेऊन स्पॅनिशमध्ये दोन शब्द पुटपुटतो. साधा निरोपाचा आशीर्वाद आहे, पण पिस्तूल खिशात धरून उभा असलेला माणूस ते कळत नाही म्हणून बिथरतो.